छोट्या संगणकाचा वायफाय ॲक्सेस पॉइंट करताना: डोंगल आणि ड्रायव्हरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या आमच्या गावात एक अभ्यासिका चालते. तिच्या कोपऱ्यातल्या फळीवर रास्पबेरी पाय नावाचा एक छोटा संगणक आहे (पुढे नुसतं ‘पाय’). त्यात मराठी विकिपीडिया, शाळेची पुस्तकं, पोलीस भरतीचे आणि तलाठी परीक्षेचे जुने पेपर भरलेले आहेत. पोरं-पोरी आपापल्या मोबाइलवरून वायफायनं त्याला जोडतात आणि गावात रेंज नसली तरी वाचत बसतात. हे ऐकून औसा, कंधार, सेनगाव, जिंतूर, परतूर अशा ठिकाणांहून लोक विचारायला लागले. त्यांतले बहुतेक जण एकाच जागी अडलेले असतात: वायफायचा ड्रायव्हर, म्हणजे डोंगलकडून (यूएसबीला लावायच्या छोट्या वायफाय यंत्राकडून) काम करून घेणारा प्रोग्रॅम. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो आहे.

एक सूचना. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या. ‘आयडब्ल्यू लिस्ट’ म्हणजे आय, डब्ल्यू, मोकळी जागा आणि मग लिस्ट.

माझा डोंगल नेट व्यवस्थित पकडतो. मग तोच डोंगल वायफाय वाटायला का नकार देतो?

कारण ही दोन वेगळी कामं आहेत. टँकर आल्यावर आपली घागर भरून घेणं सोपं असतं. टँकर उभा करून अख्ख्या वस्तीला पाणी वाटायचं म्हटलं की नंबर लावावा लागतो, कुणाची घागर भरली ते बघावं लागतं, आणि जो घरात झोपलाय त्याचा वाटा बाजूला ठेवावा लागतो. वायफायचंही तसंच आहे. ॲक्सेस पॉइंट झालेल्या, म्हणजे वायफाय वाटणाऱ्या, डोंगलला सेकंदाला साधारण दहा वेळा ‘मी इथे आहे’ अशी हाळी द्यावी लागते, जोडलेल्या प्रत्येक फोनची नोंद ठेवावी लागते, आणि बॅटरी वाचवायला डुलकी घेणाऱ्या फोनसाठी आलेली माहिती तो जागा होईपर्यंत सांभाळावी लागते.

हे सगळं चिपला जमत असलं तरी ड्रायव्हरमध्ये त्यासाठी कोड लिहिलेला असावा लागतो. बऱ्याच स्वस्त डोंगलांच्या ड्रायव्हरमध्ये फक्त घागर भरून घेण्याचाच कोड असतो. मग सेटिंग कितीही बदला, तो वाटायला बसत नाही. आठ-आठ दिवस फायलींमध्ये चूक शोधत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. चूक फायलीत नव्हतीच.

माझ्याकडचा डोंगल चालेल की नाही, हे कसं ओळखायचं?

दोन कमांड पुरतात, आणि बाकी काहीही करण्याआधी त्या चालवाव्यात.

पहिली ‘एलएसयूएसबी’. यूएसबीला जे जे लावलं आहे त्याची यादी येते, आणि प्रत्येक ओळीत चार-चार अक्षरांच्या दोन गटांचा एक क्रमांक असतो. पहिला गट बनवणाऱ्याचा, दुसरा वस्तूचा. उदाहरणार्थ ‘१४८एफ:५३७०’ दिसलं तर आत रालिंकची आरटी५३७० चिप आहे. ‘०सीएफ३:९२७१’ म्हणजे अथेरॉसची एआर९२७१. ‘०बीडीए:८१७९’ म्हणजे रिअलटेकची आरटीएल८१८८ईयू. ‘१४८एफ:७६०१’ म्हणजे मीडियाटेकची एमटी७६०१यू. डबीवर काहीही छापलेलं असो, विश्वास या क्रमांकावर ठेवायचा.

दुसरी ‘आयडब्ल्यू लिस्ट’. ही खूप लांब माहिती ओतते. त्यात ‘सपोर्टेड इंटरफेस मोड्स’ असा मथळा शोधा. त्याखाली ताऱ्याच्या खुणेपुढे एकेक शब्द असतो. त्यांत ‘एपी’ (म्हणजे ॲक्सेस पॉइंट) दिसला तर पुढे जा. फक्त ‘मॅनेज्ड’ आणि ‘मॉनिटर’ दिसत असेल तर सध्याच्या ड्रायव्हरवर हा डोंगल ॲक्सेस पॉइंट होणार नाही. एकच खबरदारी घ्या: ‘एपी/व्हीलॅन’ अशी वेगळी ओळही असते, तिच्याकडे बघून फसू नका. नुसतं ‘एपी’ हवं.

पायमध्ये अंगचं वायफाय आणि बाहेरचा डोंगल असे दोन्ही असतील तर या यादीत दोन भाग येतात, ‘विफी ०’ आणि ‘विफी १’ असे. नेमका कोणाचा भाग वाचतोय हे बघा. कंधारच्या एका गुरुजींनी अंगच्या वायफायचं ‘एपी’ वाचलं, डोंगल चालेल असं धरलं, आणि दोन दिवस त्यात घालवले. नुसतं ‘आयडब्ल्यू डेव्ह’ चालवलं की कोणता विफी म्हणजे कोणता डब्ल्यूलॅन (सेटिंगमध्ये लिहायचं वायफायचं नाव), ते कळतं.

पण मी अजून डोंगल घेतलेलाच नाही. दुकानात उभा आहे. डबीवर चिपचं नावच नाही!

डबीवर ते बहुधा नसतंच. त्याहून मोठी अडचण ही की एकाच नावाच्या डोंगलात वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळी चिप घातलेली असते. टीपी-लिंकच्या डब्ल्यूएन७२२एन या डोंगलचं उदाहरण सगळ्या जगात माहीत आहे. त्याच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ होती, दुसऱ्या आवृत्तीपासून रिअलटेकची आरटीएल८१८८ईयूएस आली. नाव तेच, रूप तेच, आणि पाय ज्यावर चालतो त्या लिनक्सच्या दृष्टीनं दोन परक्या वस्तू. कुणी ‘माझ्याकडे हा मस्त चालतो’ म्हणालं तर ‘आवृत्ती कितवी?’ हे आधी विचारा. आवृत्ती डोंगलच्या पाठीवर किंवा डबीच्या तळाला बारीक अक्षरांत ‘व्हर’ म्हणून छापलेली असते.

आमच्या वेळचं सांगतो. एका दुकानातून एकाच नावाचे दोन डोंगल आणले, एक अभ्यासिकेला आणि एक शाळेला. दोन्ही डब्या एकाच खोक्यातून निघालेल्या. रात्री मोबाइलच्या उजेडात दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून बघितले, तर एकाचं टोपण किंचित खडबडीत होतं आणि पाठीवरचा छापील आकडा एकानं पुढे होता. एवढाच फरक. एलएसयूएसबीमध्ये दोघांचे क्रमांक वेगळे निघाले. पहिला दहा मिनिटांत वाटायला लागला. दुसरा शाळेला कधी गेलाच नाही, तो आज घरच्या डेस्कटॉपला नेट पकडून देतो.

तेव्हापासून दुकानात जाताना मी ओटीजी केबल घेऊन जातो. डोंगल मोबाइलला जोडायचा आणि यूएसबीची माहिती दाखवणारं कुठलंही मोफत ॲप उघडायचं. मोबाइलवर तो डोंगल चालत नाही, पण त्याचा क्रमांक दिसतो, आणि आपल्याला तेवढाच हवा असतो. लातूरच्या गंज गोलाईत असो की संभाजीनगरच्या पैठण गेटला, ‘पॅकिंग फोडून बघू का?’ असं आधी सरळ विचारलं तर बहुतेक दुकानदार हो म्हणतात. नाही म्हणाले तर परत घ्याल का हे विचारून मगच पैसे द्यावेत. लिनक्स असलेला लॅपटॉप सोबत असेल तर फारच छान, तिथेच ‘आयडब्ल्यू लिस्ट’ बघून टाका.

मग कोणती चिप घ्यावी, स्पष्ट सांगा.

माझा नियम एकच आहे: ज्या चिपचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, आहे आणि त्यात एपी मोड आहे, तीच घ्यायची. वेग दुय्यम. गावात वस्तू बसवून आपण निघून येतो. मागे राहिलेल्या माणसाला ड्रायव्हर पुन्हा बांधता (कोडपासून तयार करता) येणार नाही, आणि त्याच्यावर ती वेळ आणूही नये.

या नियमात सगळ्यात बिनत्रासाची म्हणजे रालिंकची आरटी५३७०. ड्रायव्हर ‘आरटी२८००यूएसबी’. फक्त २.४ गिगाहर्ट्झ, वेग बेताचा, पण पुस्तकं आणि पेपर वाचायला भरपूर. अथेरॉसची एआर९२७१ही विश्वासाची आहे. ड्रायव्हर ‘एटीएच९के_एचटीसी’. पण ती एका वेळी सातच जणांना घेते. ही मर्यादा सेटिंगनं वाढत नाही, म्हणून घरासाठी घ्या, अभ्यासिकेसाठी नको.

दोन्ही पट्टे (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) आणि जास्त वेग हवा असेल तर मीडियाटेकची एमटी७६१२यू. तिचा ड्रायव्हर २०१८ पासून, ४.१९ या कर्नलपासून आत आहे. पाय ४ च्या निळ्या यूएसबीवर ती कधीकधी अडखळते. तेव्हा ‘ईटीसी’मधल्या ‘मॉडप्रोब.डी’ फोल्डरमध्ये एक फाइल करून ‘ऑप्शन्स एमटी७६_यूएसबी डिसेबल_यूएसबी_एसजी=१’ ही ओळ टाकावी आणि पाय पुन्हा सुरू करावा.

मीडियाटेकचीच एमटी७६०१यू मात्र नको. ही अगदी स्वस्त, नखाएवढ्या डोंगलात सगळीकडे मिळते. तिचा कर्नलमधला ड्रायव्हर उत्तम नेट पकडतो, पण त्यात एपी मोड नाही. मला येणाऱ्या फोनांत हिचं नाव सगळ्यात जास्त वेळा निघतं.

रिअलटेकबद्दल एका वाक्यात सांगता येत नाही. त्यांच्या कितीतरी चिप आहेत आणि त्यांचे ड्रायव्हर हलत-बदलत आले आहेत. आरटीएल८८२२बीयू, ८८२१सीयू अशा काही चिपांचे यूएसबी ड्रायव्हर २०२३ च्या ६.२ कर्नलपासून आत आले. ‘आरटीएल८एक्सएक्सएक्सयू’ या जुन्या ड्रायव्हरमध्ये एपी मोड पूर्वी नव्हताच, तो २०२३ पासून चिपागणिक येऊ लागला. म्हणजे तोच डोंगल जुन्या मेमरी कार्डवर नकार देईल आणि नव्या कार्डवर होकार. आपला कर्नल कुठला हे ‘यूनेम -आर’नं बघा, आणि शेवटी निकाल ‘आयडब्ल्यू लिस्ट’चाच.

पायमध्ये अंगचं वायफाय असताना डोंगल घ्यायचाच कशाला?

थोड्या लोकांसाठी घेऊच नका. २०१६ च्या पाय ३ पासून वायफाय बोर्डावरच आहे, त्याचा ‘बीआरसीएमएफमॅक’ ड्रायव्हर एपी मोड देतो आणि एका खोलीत छान चालतो. पाय ३ आणि झीरो डब्ल्यूवर फक्त २.४ गिगाहर्ट्झ मिळतं. ३ बी प्लस, ४ आणि ५ वर दोन्ही पट्टे.

अडचण गर्दीची. किती फोन जोडायचे हे त्या चिपच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे चिपच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ठरलेलं असतं. आमच्याकडे सुरुवातीला पाय ४ होता. सकाळी लवकर येणारी पोरं जोडली जायची आणि उशिरा येणाऱ्यांच्या फोनवर नुसतं ‘जोडत आहे’ फिरत राहायचं. पासवर्ड चुकलाय म्हणून एकमेकांना विचारायची. पासवर्ड बरोबर होता, आत जागाच संपलेली होती.

यावर पाय ३ बी प्लस आणि ४ साठी एक उपाय आहे. फर्मवेअरची ‘मिनिमल’ नावाची दुसरी फाइल सोबतच येते. तिच्यात काही सोयी कमी केल्या आहेत आणि त्या जागेत जास्त जोडण्या मावतात. ‘सुडो अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज --कॉन्फिग सीवायएफमॅक४३४५५-एसडीआयओ.बिन’ चालवून ती निवडायची आणि पाय पुन्हा सुरू करायचा. तरीही पुरलं नाही तर बाहेरचा डोंगल किंवा खाली सांगितलेला राउटर.

अंगच्या वायफायला अँटेना जोडायची सोय नाही, हेही धरून चला. बाहेरचा डोंगल लावल्यावर अंगचं बंद करायचं असेल तर ‘कॉन्फिग.टीएक्सटी’मध्ये ‘डीटीओव्हरले=डिसेबल-वायफाय’ ही ओळ टाका. ही फाइल रास्पबेरी पाय ओएसच्या बुकवर्म आवृत्तीपासून ‘बूट’च्या आत ‘फर्मवेअर’ फोल्डरमध्ये असते, आधी थेट ‘बूट’मध्ये होती.

होस्टएपीडी (पायला ॲक्सेस पॉइंट करणारा प्रोग्रॅम) सुरू करताना ‘अननोन ड्रायव्हर’ असं म्हणतंय.

तुम्ही जुन्या लेखातलं सेटिंग उतरवून घेतलं आहे. त्यात ‘ड्रायव्हर=आरटीएल८७१एक्सड्रव्ह’ अशी ओळ असेल. २०१३-१४ च्या सुमाराला आरटीएल८१८८सीयूएस चिपचे छोटे डोंगल फार चालायचे. त्यांच्यासाठी रिअलटेकनं स्वतः फेरफार केलेलं ०.८ आवृत्तीचं होस्टएपीडी दिलं होतं, आणि ही ओळ फक्त त्यालाच समजते. आजच्या होस्टएपीडीत ‘ड्रायव्हर=एनएल८०२११’ लिहायचं. ती ओळ बदलूनही ‘एनएल८०२११ ड्रायव्हर इनिशियलायझेशन फेल्ड’ आलं तर बहुधा तुमच्या ड्रायव्हरला एपी मोड नाही, किंवा दुसराच कुणीतरी तो डोंगल धरून बसला आहे.

तो ‘दुसरा कुणीतरी’ म्हणजे हल्ली बहुतेकदा नेटवर्कमॅनेजर. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या बुकवर्म आवृत्तीपासून रास्पबेरी पाय ओएस वायफायचं काम त्याच्याकडे देते. जुने लेख त्याच्या आधीचा डीएचसीपीसीडी गृहीत धरून लिहिलेले आहेत. दोघांनी एकाच डोंगलवर हक्क सांगितला की काहीच चालत नाही. साध्या कामासाठी माझा सल्ला: होस्टएपीडी सोडूनच द्या आणि ‘सुडो एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय हॉटस्पॉट’ वापरा. पुढे ‘आयएफनेम’ (डब्ल्यूलॅन१ सारखं नाव), ‘एसएसआयडी’ (मोबाइलमध्ये दिसणारं वायफायचं नाव) आणि ‘पासवर्ड’ द्यायचा. पासवर्ड किमान आठ अक्षरांचा हवा. पायला १०.४२.०.१ हा पत्ता मिळतो आणि फोनना पत्ते वाटायचं कामही तोच करतो. होस्टएपीडीच हवं असेल तर नेटवर्कमॅनेजरच्या सेटिंगमध्ये तो डोंगल ‘अनमॅनेज्ड’ करा, आणि ‘सुडो सिस्टमसीटीएल अनमास्क होस्टएपीडी’ विसरू नका. बसवल्या-बसवल्या ती सेवा झाकलेली असते.

डोंगल लावला, पण ‘डब्ल्यूलॅन१’ येतच नाही.

‘डीमेसेज’ म्हणजे ‘डीएमईएसजी’ चालवून शेवटच्या ओळी वाचा. ‘फर्मवेअर लोड फेल्ड विथ एरर -२’ असं असेल तर ड्रायव्हर आहे, फर्मवेअरची फाइल नाही. ‘फर्मवेअर-रिअलटेक’, ‘फर्मवेअर-अथेरॉस’ किंवा ‘फर्मवेअर-मिस्क-नॉनफ्री’ यांपैकी लागेल ते पॅकेज बसवा. रास्पबेरी पाय ओएसमध्ये ही आधीच असतात. त्याऐवजी साधं डेबियन लिनक्स टाकलेल्यांना हा त्रास जास्त होतो.

एलएसयूएसबीत ‘०बीडीए:१ए२बी’ दिसत असेल तर डोंगल स्वतःला सीडी म्हणून सांगतोय, कारण विंडोजचा ड्रायव्हर त्याच्या पोटात ठेवलेला असतो. ‘यूएसबी_मोडस्विच’ बसवून ‘-के’ पर्यायासह चालवलं की ती सीडी बाहेर निघते आणि खरा डोंगल पुढे येतो. इथे ‘के’ इंग्रजीत मोठा लिहायचा.

अपडेट केलं आणि वायफाय गायब झालं. काल तर चालू होतं.

हे आमच्याकडे भरतीच्या लेखी परीक्षेच्या आठवड्यातच झालं, त्यामुळे मनाला लागून राहिलं आहे. शाळेसाठी जो डोंगल बाद ठरला होता, तसलाच रिअलटेकचा एक डोंगल कुणीतरी अभ्यासिकेला भेट दिला. मी त्याचा ड्रायव्हर बाहेरून उतरवून, स्वतः बांधून बसवला. चार महिने उत्तम चालला. मग एका संध्याकाळी अपडेट केलं आणि नवा कर्नल आला. बाहेरून बांधलेला ड्रायव्हर ज्या कर्नलसाठी बांधला त्याच्यावरच चालतो. पाय सुरू झाला, वायफायचं नाव मोबाइलमध्ये दिसेना. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला येणारी पोरं वाट बघत बाहेर ओट्यावर बसली होती.

दुरुस्तीला नेट लागतं आणि नेटच गेलेलं, अशा वेळी मोबाइल यूएसबी केबलनं पायला जोडा आणि मोबाइलमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. त्याला वायफायचा ड्रायव्हर लागत नाही, पायला तो मोबाइल वायरचं नेट असल्यासारखा दिसतो. रेंज मिळेल तिथे पाय उचलून न्या. आम्ही तो शाळेच्या गच्चीवर नेला होता, पॉवर बँकवर लावून. मग नव्या कर्नलचे ‘हेडर्स’ (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या फायली) उतरवून ड्रायव्हर पुन्हा बांधला.

बाहेरचा ड्रायव्हर वापरणं भागच असेल तर तो ‘डीकेएमएस’मधून बसवा. कर्नल बदलला की डीकेएमएस तो आपोआप नव्यानं बांधतो. अट एवढीच की त्या कर्नलचे हेडर्सही सोबत आलेले हवेत. आणि गावात बसवलेल्या पायवर आपोआप अपडेट बंद ठेवा. वर्षातून दोनदा, सुट्टीत, आपण समोर बसलेलो असताना करा. त्याआधी मेमरी कार्डची एक प्रत काढून कपाटात ठेवा. पोरांचं वाचन कमी महत्त्वाचं असतं तर एवढं लिहिलं नसतं.

देशाचा कोड कशाला विचारतात? आणि ५ गिगाहर्ट्झ सुरूच होत नाही.

कोणत्या देशात कोणत्या चॅनेलवर किती जोरानं बोलायचं हे कायद्यानं ठरलेलं असतं, आणि ड्रायव्हर ते पाळतो. कोड दिला नाही तर पायचं अंगचं वायफाय बंदच राहतं. ‘आरएफकिल लिस्ट’ चालवलं तर ‘ब्लॉक्ड’ दिसेल. ‘रास्पी-कॉन्फिग’मध्ये वायफायचा देश भारत निवडा. होस्टएपीडीत ‘कंट्री_कोड=आयएन’, अक्षरं मोठी.

भारतात २.४ गिगाहर्ट्झचा वायफायचा पट्टा २००५ मध्येच विनापरवाना वापरासाठी खुला झाला. चॅनेल १ ते १३. त्यातला १, ६ किंवा ११ घ्या, हे एकमेकांवर चढत नाहीत. ५ गिगाहर्ट्झची सवलत २०१८ मध्ये वाढली, पण त्यातल्या मधल्या चॅनेलांवर रडार आहे का हे आधी ऐकावं लागतं आणि बऱ्याच ड्रायव्हरांना ते येत नाही. ३६ किंवा १४९ घेऊन बघा. ‘आयडब्ल्यू लिस्ट’मध्ये एखाद्या चॅनेलपुढे ‘नो आयआर’ असेल तर त्यावर ॲक्सेस पॉइंट सुरू होणार नाही, वाद घालू नका. आणि होस्टएपीडीत २.४ साठी ‘एचडब्ल्यू_मोड=जी’, ५ साठी ‘ए’. चॅनेल बदलून हे बदलायचं राहिलं की ते सुरू होत नाही.

खरं तर अभ्यासिकेला २.४ च बरं. स्वस्तातल्या अनेक मोबाइलना ५ दिसतच नाही.

एकाच डोंगलवर नेट घेऊन तेच वाटता येईल का?

काही ड्रायव्हरवर येतं. ‘आयडब्ल्यू लिस्ट’च्या शेवटी ‘व्हॅलिड इंटरफेस कॉम्बिनेशन्स’मध्ये ‘मॅनेज्ड’ आणि ‘एपी’ एकत्र दिसायला हवेत. बहुतेक ठिकाणी तिथेच ‘चॅनेल्स <= १’ लिहिलेलं असतं. म्हणजे ज्या चॅनेलवर नेट येतं त्याच चॅनेलवर वाटावं लागेल आणि वेग अर्धा होईल. दोन डोंगल घ्या, किंवा नेट वायरनं आणा.

दोन वायफाय असले की डब्ल्यूलॅन० आणि डब्ल्यूलॅन१ अदलाबदल होतात.

जो ड्रायव्हर आधी जागा होतो त्याला ० मिळतो. ‘रास्पी-कॉन्फिग’मध्ये ‘प्रेडिक्टेबल नेटवर्क इंटरफेस नेम्स’ चालू केलं की डोंगलला त्याच्या मॅक पत्त्यावरून (कारखान्यातच मिळालेल्या क्रमांकावरून) ‘डब्ल्यूएलएक्स’नं सुरू होणारं कायमचं नाव मिळतं. तेच सेटिंगमध्ये लिहा. फक्त डोंगल बदलला की नावही बदलेल, हे फळीवर चिठ्ठी लावून ठेवा.

दुपारी वायफाय तुटतं, संध्याकाळी आपोआप सुधारतं. ड्रायव्हर खराब आहे का?

ड्रायव्हरला दोष देण्याआधी वीज बघा. मोबाइलचा चार्जर पायला पुरत नाही. पाय ३ ला अडीच अँपिअर, पाय ४ ला तीन अँपिअरचा चांगला ॲडॉप्टर हवा. पाय ५ ला पाच अँपिअरचा ॲडॉप्टर नसेल तर तो चारही यूएसबी मिळून ६०० मिलीअँपिअरच देतो, त्यात मोठ्या अँटेनाचा डोंगल उपाशी राहतो. ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ चालवा. उत्तर ‘०एक्स०’ आलं तर ठीक. ‘०एक्स५००००’ आलं तर सुरू झाल्यापासून केव्हातरी वीज कमी पडली आहे.

मग उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त भाजतं. पाय ८० अंशांच्या पुढे स्वतःचा वेग कमी करतो. पत्र्यापासून खाली, भिंतीच्या सावलीत, उघड्या पेटीत ठेवा.

तिसरं कारण कुणाच्या ध्यानात येत नाही: यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टला लावलेली हार्डडिस्क २.४ गिगाहर्ट्झमध्ये गोंगाट करते. इंटेलनं २०१२ मध्येच हे मोजून दाखवलं होतं. डोंगल काळ्या पोर्टला, एक मीटरच्या यूएसबी एक्स्टेंशन केबलवर, डिस्कपासून लांब टांगा. आमच्या माळवदाच्या जुन्या खोलीत त्या केबलनं दुहेरी फायदा झाला. दगड-मातीची दोन-अडीच फूट जाडीची भिंत सिग्नल गिळते, म्हणून डोंगल दाराच्या चौकटीवर खिळ्याला अडकवला. आता ओट्यावरही रेंज मिळते.

हे सगळं करूनही तुटत असेल तर ‘आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूलॅन१ सेट पॉवर_सेव्ह ऑफ’ चालवा, म्हणजे डोंगल वीज वाचवायला डुलकी घेणार नाही.

पायऐवजी जुना लॅपटॉप चालेल का?

चालेल, बॅटरी शाबूत असेल तर लाइट गेल्यावरही चालू राहील. इंटेलचं वायफाय असेल तर २.४ वरच ठेवा. इंटेलची बरीच कार्डं ५ गिगाहर्ट्झवर ॲक्सेस पॉइंट होऊ देत नाहीत. देश कोणता हे ती स्वतः ठरवतात, तुमचा कोड मानत नाहीत.

फोन जोडला जातो, पण ‘आयपी पत्ता मिळवत आहे’वर अडकतो. किंवा ‘इंटरनेट नाही’ म्हणून सुटतो.

हे दोन्ही ड्रायव्हरचे प्रश्न नाहीत. पहिल्यात पत्ते वाटणारा डीएनएसमास्क सुरू नाही. दुसऱ्यात फोन बरोबरच बोलतोय, इंटरनेट खरोखर नाहीये. ‘तरीही जोडलेले ठेवा’ असं तो विचारतो, तिथे हो म्हणा. आमच्याकडे नव्या पोराला पहिल्या दिवशी हे शेजारचंच पोर शिकवतं.

इतका व्याप करण्यापेक्षा साधा राउटर लावला तर?

पंधरा-वीसपेक्षा जास्त मुलं असतील तर मी स्वतः तेच सुचवतो. घरात पडलेला जुना राउटरही चालतो. पुस्तकं पायमध्येच राहतात, वाटायचं काम राउटर करतो, आणि वायफायच्या ड्रायव्हरचा संबंधच उरत नाही, कारण पाय आणि राउटर यांच्यामध्ये फक्त लॅनची वायर असते. झीरो डब्ल्यूला लॅनचं पोर्ट नाही, तिथे यूएसबी-लॅन ॲडॉप्टर लागेल. वायर राउटरच्या ‘वॅन’ पोर्टमध्ये घालू नका, ‘लॅन’ लिहिलेल्या चारपैकी कुठल्याही पोर्टमध्ये घाला. पत्ते राउटरलाच वाटू द्या, पायवरचा डीएनएसमास्क बंद करा, आणि राउटरच्या सेटिंगच्या पानावर पायचा मॅक पत्ता घालून त्याला एक पत्ता कायमचा बांधून द्या. तो पत्ता मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. लाइट गेल्यावर दोन्ही चालू राहावेत म्हणून राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. आपल्या राउटरच्या ॲडॉप्टरवर १२ लिहिलंय की ९, ते बघूनच घ्या.